पाठीवरचे भावंड आणि मापाचे अन्न

माळव्याची भूमी पावलोपावली पोळी आणि पाणी देणारी, ही ख्याती आपण बालपणापासून ऐकत आलो. अशा भूमीतही उज्जैनसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तीव्र कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्र चालवावे लागते, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. या विषयाकडे मी भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहतो. कारण या रोगाचा इतिहास त्याच्या नावांत दडलेला आहे.

काश्यपसंहितेत ‘फक्क’ नावाचा बालरोग वर्णिला आहे. त्याच्या तीन प्रकारांपैकी ‘गर्भज’ फक्क, आई पुन्हा गर्भवती राहून अंगावरचे दूध तुटल्याने होतो. वाग्भटाने अशाच अवस्थेस ‘पारिगर्भिक’ म्हटले. पुढे १९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स या विदुषीने गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, अंगावर सूज येऊन क्षीण होणाऱ्या मुलांचे वर्णन केले. आणि १९३५ साली तेथील गा भाषेतला ‘क्वाशिओरकोर’ हा शब्द वैद्यकास दिला. पाठीवर भावंड आल्यावर आधीच्या मुलास जडणारा रोग, असा त्याचा आशय आहे. परस्परांचा परिचय नसलेल्या दोन परंपरांनी एकच कारण ओळखले होते. आपले ‘सुकटी’ आणि ‘सुजवटी’ हे शब्द मात्र केवळ लक्षण सांगतात.

कारण अन्नाचे, म्हणून पोटभर जेवण हा उपाय, असे कोणासही वाटेल. परंतु उपासाने खचलेल्या देहातील क्षारांचा तोल ढळलेला असतो. एकाएकी दिलेले जड अन्न हृदयास पेलत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या उपचारपद्धतीत आरंभी ‘एफ-७५’ हे सौम्य दुग्धमिश्रण थोड्या थोड्या वेळाने देण्यास सांगितले आहे. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असतात. प्रकृती स्थिरावल्यावर १०० किलोकॅलरींचे ‘एफ-१००’ येते. लोहसुद्धा आरंभी वर्ज्य असते.

दुधाच्या मिश्रणास शुद्ध पाणी लागते, ते गरिबाघरी कोठून यावे? १९९० च्या दशकात फ्रान्समधील आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे यांचे घट्ट खाद्य तयार केले. त्यात पाणी मिसळावे लागत नाही. भूक शाबूत असलेल्या व अन्य गुंतागुंत नसलेल्या बालकावर घरीच उपचार करण्यास २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी संमती दिली. आपल्याकडे मात्र मध्य प्रदेश व बिहारमध्ये आयात केलेल्या अशा खाद्याच्या वापरास २००९ साली केंद्र सरकारने हरकत घेतली. स्थानिक धान्य की कारखान्याची पुडी, हा वाद तेव्हापासून चालत आला.

या वादात एक भेद विसरता कामा नये. ताराबाई मोडकांच्या बोर्डीतील कार्यातून पुढे आलेला ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला. तेथील पूरक आहार कुपोषण टाळण्यासाठी आहे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरलेल्या बालकास मात्र अन्न हे औषध म्हणून, मोजून द्यावे लागते. पहिल्याने दुसऱ्याचे काम भागत नाही, आणि दुसरे घेऊन घरी परतलेल्या मुलास पहिले न मिळाल्यास ते पुन्हा खंगते. त्याच्या आईस दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर मिळावे, ही चिंता मात्र प्राचीन आचार्यांइतकीच आपलीही असली पाहिजे.