सामरीचा मुक्काम कॅसेटमध्ये

1970 साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ नावाचा एक हिंदी सिनेमा आला आणि पडला. दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर, म्हणजे आपले ‘रणांगण’ कादंबरीकार. निर्माते फतेहचंद रामसिंघानी फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आले होते आणि लॅमिंग्टन रोडवर त्यांचे रेडिओचे दुकान होते. सिनेमा चालला नाही, पण त्यातल्या एका प्रसंगावर पब्लिक खूश होते. भयाण मुखवटा चढवलेले पृथ्वीराज कपूर चोरीसाठी संग्रहालयात शिरतात, तो हा प्रसंग. लोक तेवढ्यासाठी थिएटरात येतात आणि तो संपला की उठून जातात, हे आपल्या लक्षात आले, असे रामसिंघानींची मुले पुढे सांगत. मग अख्खा सिनेमाच तसा का काढू नये?

या सात भावांना आपण रामसे बंधू म्हणून ओळखतो. 1972 च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी सगळे कुटुंब बसमध्ये बसून महाबळेश्वरला गेले, सरकारी विश्रामगृहात उतरले आणि महिना-सव्वा महिन्यात शूटिंग आटोपून परतले. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. लेखन कुमारचे, कॅमेरा गंगूचा, आवाज किरणचा, संकलन अर्जुनचे, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचे. स्वयंपाक बरोबर आलेल्या घरच्या बायकांनी सांभाळला. पुढची वीस वर्षे हाच घरगुती कारखाना चालला. 1984 साली ‘पुराना मंदिर’ आला आणि त्यातला सैतान सामरी घरोघर पोचला. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल रूरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनीअर होते. त्यांच्या उंचीला आणि चेहऱ्याला मेकअपची फार गरज नव्हती, असे गमतीने म्हटले जाते.

घरोघर पोचला, हे शब्दशः घ्यायचे. 1982 च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, त्यापाठोपाठ व्हीसीआर पसरले आणि गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. मुंबईत पुस्तकांच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांची सवय आधीपासून होतीच. वॉर्डन रोडवरची ‘शेमारू’ 1962 साली पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झाली, 1979 मध्ये ती व्हिडिओ कॅसेट भाड्याने देऊ लागली आणि 1987 पासून स्वतःच्या नावावर कॅसेट काढू लागली. उपनगरांत हेच छोट्या प्रमाणावर झाले. माहुलच्या कोळीवाड्यापासून मुलुंडच्या चाळींपर्यंत ‘व्हिडिओ आणणे’ हा कार्यक्रम असे. ज्याच्या घरी मशीन नाही तो टीव्ही-व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणायचा. वर्गणी काढायची, तीन कॅसेट घ्यायच्या: एक कौटुंबिक, एक मारामारीची आणि एक भुताची. भुताची शेवटी लावायची, म्हणजे लहान मुले झोपलेली असतात. ती झोपत नसत, हा भाग निराळा.

रामसेंच्या सिनेमांना ‘ए’ सर्टिफिकेट असायचे. थिएटरच्या दारावर पोरांना अडवणारा माणूस उभा असे, व्हीसीआरला दरवान नव्हता. ऐंशीच्या दशकात वाढलेल्या मुंबईकरांनी सामरी पहिल्यांदा पाहिला तो बहुधा चौदा किंवा वीस इंची पडद्यावर, गोधडीच्या फटीतून. या सिनेमांचे आजचे संग्राहक याच पिढीतले आहेत.

त्या कॅसेट कशा होत्या? पुष्कळशा दुबईमार्गे आलेल्या. सिनेमांचे परदेशातले व्हिडिओ हक्क आखातातल्या कंपन्या विकत घेत, तिथे कॅसेट निघे आणि तिच्या नकला मुंबईत उतरत. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. प्रत्येक पिढीत रंग थोडे सांडत, आवाजात खरखर वाढे. भूत अंधारातून पुढे येते, नेमकी तेव्हाच पडद्याच्या तळाशी दागिन्यांच्या किंवा कपड्यांच्या दुकानाची जाहिरात सरकू लागे. तेव्हा शिव्या खाल्लेल्या त्या जाहिराती आता संग्राहकाला हव्याहव्याशा वाटतात, कारण ही प्रत कुठली, कुठल्या सुमाराची आणि कुणाच्या मार्गाने आली हे त्यांच्यावरूनच कळते.

कॅसेटच्या या सुळसुळाटावर सरकारनेही उपाय काढला, पण त्याचा रोख भुतांवर नव्हता. 1984 हे वर्ष इथे गमतीचे आहे. ब्रिटनमध्ये त्या वर्षी व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अ‍ॅक्ट आला. हिंसक भयपटांच्या कॅसेट मुलांच्या हाती पडतात म्हणून तिथे गहजब झाला होता. फौजदारी कारवाईसाठी केलेल्या यादीत एकूण 72 सिनेमांची नावे येऊन गेली आणि तीच यादी पुढे तिथल्या संग्राहकांची खरेदीची यादी झाली. भारतात त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, ती चोरट्या नकला रोखण्यासाठी. तिने व्हिडिओवर एक बंधन घातले: कॅसेटवर आणि सिनेमा लागताना पडद्यावरही सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत दाखवायची, शिवाय कॅसेट काढणाऱ्याचे आणि हक्कदाराचे नाव-पत्ता द्यायचा.

चोऱ्या काही थांबल्या नाहीत. पण ज्या प्रतींत ते सर्टिफिकेट शाबूत आहे, त्या संग्राहकासाठी सोन्याच्या ठरल्या.

ते कसे, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. प्रेक्षक ते पान फास्ट फॉरवर्ड करतो, संग्राहक पॉज करतो. खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर सेन्सॉरने कात्री चालवली आहे. शिवाय रिळांची संख्या आणि फिल्मची लांबी मीटरमध्ये दिलेली असते. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण 27.4 मीटर पळते. म्हणजे सर्टिफिकेटवर 4000 मीटर असेल तर थिएटरात तो सिनेमा 146 मिनिटांचा झाला. आपल्याकडचा व्हिडिओ सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटी दाखवतो, त्यामुळे कॅसेटवर तोच 140 मिनिटांत संपायला हवा. हातातली प्रत 132 मिनिटांतच संपत असेल, तर आठ मिनिटे कुठे गेली? एखादे गाणे उडवले, विनोदी उपकथा छाटली, की कॅसेट काढण्यासाठी वापरलेली प्रिंटच गावोगावच्या थिएटरांत फाटून-जोडून आलेली होती? हा हिशेब वहीत मांडून दोन-तीन प्रती शेजारी शेजारी लावून बघणे, हा या छंदाचा गाभा.

नव्वदच्या दशकात रामसे छोट्या पडद्यावर गेले. 1993 मध्ये ‘झी हॉरर शो’ सुरू झाला. त्याच सुमारास त्यांचा ‘महाकाल’ आला, अमेरिकन ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ची उघड छाया असलेला. मराठीत महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ही 1993 चाच, आणि त्यातल्या बाहुल्याची, तात्या विंचूची, नाळ ‘चाइल्ड्स प्ले’शी जुळते. विलायती भुतांशी मुंबईची ओळख करून देण्यात व्हिडिओ लायब्रऱ्यांचा वाटा मोठा होता. म्हणजे कॅसेटने इथले भयपट नुसते साठवले नाहीत, ते घडवलेही.

मग व्हीसीडी आली. एका चकतीवर साधारण 74 मिनिटे मावतात, म्हणून सिनेमा दोन चकत्यांचा. दोनांत बसला नाही की तिसरी चकती घाला, नाहीतर गाणी कापा. बरेच जण काय करत, हे सांगायला नको. 2007 च्या सुमारास मोझर बेअरने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली. भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणे सोपे झाले आणि लायब्रऱ्यांचा उरलासुरला धंदा बसला. कपाटेच्या कपाटे कॅसेट भंगारात गेल्या. त्यांतल्या काही चोरबाजारात आणि रद्दीवाल्यांकडे अडकल्या, म्हणून आज हाती लागतात.

या सिनेमांना मान मिळाला तो मात्र बाहेरून. जगभरच्या आडवळणी सिनेमांवर 1997 साली ‘मोंडो मकाब्रो’ हे पुस्तक लिहिणारे ब्रिटिश लेखक पीट टॉम्ब्स यांनी त्याच नावाने डीव्हीडीचे लेबल काढले. 2006 मध्ये त्यांनी ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ एकत्र आणले. नंतर ‘वीराना’ आणि ‘पुरानी हवेली’, पुढे ‘महाकाल’ आणि ‘तहखाना’. ज्यांना इथल्या वर्तमानपत्रांनी फारशी जागा दिली नाही, ते सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससह परदेशी संग्राहकांच्या फळीवर जाऊन बसले. 2023 मध्ये याच लेबलने रामसेंच्या सहा सिनेमांचा ब्ल्यू-रे संच काढला. ते दिवस पाहायला तुलसी (निधन 2018) आणि श्याम (निधन 2019) राहिले नव्हते. अभ्यासकही उशिरा वळले: शाम्य दासगुप्ता यांचे रामसेंवरचे ‘डोन्ट डिस्टर्ब द डेड’ 2017 चे, तर मुंबईच्या भयपटांवरचा कार्तिक नायर यांचा ‘सीइंग थिंग्ज’ हा ग्रंथ 2024 चा.

तरीही जुनी कॅसेट जपणाऱ्याची सुटका नाही. मुंबईची दमट हवा चुंबकीय फितीची वैरी. एक पावसाळा कपाट बंद राहिले की गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट मशीनमध्ये घातली की बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. म्हणून आधी कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून बघायचे. बुरशी दिसली तर मागचे पाच स्क्रू काढून कवच उघडायचे, फीत हलक्या हाताने पुसायची, दोन्ही रिळे स्वच्छ कवचात बसवायची आणि मगच एकदा चालवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. यासाठी लागणारा चालू व्हीसीआर मिळवणे हे वेगळेच दिव्य. नवे बनत नाहीत, हेड मिळत नाहीत आणि दुरुस्त करणारे हात थकले आहेत.

रामसेंना निदान ब्ल्यू-रे लाभला. मोहन भाकरींचा ‘खूनी महल’ (1987) किंवा विनोद तलवारांचा ‘वोही भयानक रात’ (1989) यांच्यासाठी मात्र जुनी कॅसेट, कापलेली व्हीसीडी नाहीतर चॅनेलचा शिक्का बसलेले टीव्हीवरचे रेकॉर्डिंग धुंडाळावे लागते. मग संग्राहक जोडकाम करतात: चित्र व्हीसीडीचे, उडवलेले गाणे कॅसेटमधले, सुरुवातीचे सर्टिफिकेट तिसऱ्याच प्रतीतले. गाणे लागले की रंग एकदम फिकट होतात आणि तळाशी दुबईची जाहिरात सरकते. पुढच्या प्रसंगाला चित्र पुन्हा मूळ रंगावर येते. जोड कुठे आहे हे लपवण्याच्या फंदात कुणी पडत नाही. मीटर आणि मिनिटांचा हिशेब जुळला की प्रत पूर्ण झाली असे ते धरतात.