साबणाच्या द्रावणाचे गणित

नांदेड जिल्ह्यातील उमरी परिसरात कापूस व सोयाबीन ही खरिपाची महत्त्वाची पिके. फवारणीच्या वेळी औषधासोबत पंपात जे ‘स्टिकर’ घातले जाते, त्यातील मुख्य घटक बहुधा सर्फॅक्टंट, म्हणजेच पृष्ठसक्रिय पदार्थ असतो. घरातील साबणही याच कुळातील होय.

या रेणूचे एक टोक जलप्रेमी, तर दुसरे तेलासारखे असते. त्यामुळे हे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर गोळा होतात, पृष्ठताण घटतो आणि थेंब पानावरून ओघळण्याऐवजी पसरतो. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की द्रावणातच रेणूंचे पुंजके बनतात. त्यांना ‘मिसेल’ म्हणतात. सोडियम लॉरिल सल्फेटसाठी २५ अंश सेल्सिअसला ही मर्यादा लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅम आहे. त्यापुढे पृष्ठताण फारसा घटत नाही.

द्रावणाचे असे गुणधर्म आगाऊ वर्तविण्यासाठी ‘अवस्था समीकरणे’ वापरतात. दाब, आकारमान व तापमान यांचा संबंध ती सांगतात. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मध्ये मांडलेले समीकरण प्रसिद्ध आहे. मात्र लांबट, हायड्रोजन बंधांनी जोडल्या जाणाऱ्या रेणूंना ते अपुरे पडते. १९९० च्या सुमारास चॅपमन, गबिन्स, जॅक्सन व रॅडोझ यांनी ‘सॅफ्ट’ हे समीकरण विकसित केले. त्यात रेणू म्हणजे मण्यांची माळ मानली जाते आणि हायड्रोजन बंधांचा हिशेब वेगळा ठेवला जातो. मिसेल बनताना होणाऱ्या ऊर्जाबदलाची जोड मात्र त्याला द्यावी लागते.

या गणिताचे व्यावहारिक मोल मोठे आहे. अनेक विद्युतभाररहित सर्फॅक्टंटांचे द्रावण ठरावीक तापमानानंतर गढूळ होऊन दोन थरांत विभागते. कारण उष्णतेने पाण्याशी असलेले हायड्रोजन बंध सैल होतात. बऱ्याच क्षारांमुळे हे तापमान आणखी खाली येते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उष्णतेत साठवलेल्या मिश्रणाचे थर झाले, तर एका पंपात औषध जास्त, दुसऱ्यात कमी जाण्याचा धोका संभवतो.

समीकरणामुळे शेकडो मिश्रणांतून मोजकी निवडून तपासता येतात. तथापि त्यातील स्थिरांक प्रयोगांतूनच मिळतात. म्हणून अखेरचा कौल प्रयोगशाळेचाच असतो. मुंबईत माटुंगा येथे १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेले व सर्फॅक्टंट यांच्या तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग आहे.