कूलंट भरले, पण हवा काढली का?

कूलंट बदलल्यानंतर किंवा रेडिएटरची रबरी नळी नवी घातल्यानंतर मोटार पहिल्याच घाटात तापली, तर दोष बहुधा नव्या भागाला दिला जातो. प्रत्यक्षात यंत्रणेत अडकलेली हवा हे त्याचे नेहमीचे कारण असते. ही हवा सिलिंडर हेड, थर्मोस्टॅट वा हीटर अशा उंच जागी साठते आणि कूलंटचा प्रवाह अडवते. तापमान मोजणारा सेन्सर हवेच्या पोकळीत सापडला, तर इंजिन तापूनही काटा जागचा हलत नाही. हीटर लावूनही गार वारा येणे, ही त्याची ओळखीची खूण होय.

हवा काढण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करावे. गाडीचे तोंड किंचित उंच ठेवून रेडिएटरचे झाकण काढावे, कूलंट काठोकाठ भरावे आणि हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून इंजिन सुरू करावे. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला थर्मोस्टॅट उघडतो, वरची नळी गरम होते आणि बुडबुडे बाहेर पडतात. पातळी उतरेल तशी भर घालावी. बुडबुडे थांबताच झाकण लावावे. काही गाड्यांत हवा सोडण्यासाठी स्वतंत्र स्क्रू असतो. त्याची जागा माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

तापलेल्या इंजिनाचे बंद झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालील कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच उसळून गंभीर भाजते. हवा पुनःपुन्हा साठत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.