मॅग्नेशियम व निकेल मिश्रधातू : गुणधर्मांची तुलना

मॅग्नेशियमचे मिश्रधातू हलके, निकेलचे जड, एवढ्यावर ही तुलना बहुधा आटोपली जाते. शुद्ध मॅग्नेशियमची घनता १.७४, निकेलची ८.९ ग्रॅम प्रति घन सेंमी.; फरक पाचपटीचा खरा. पण ताठरपणा मोजणारा यंग गुणांक अनुक्रमे ४५ व सुमारे २०७ गिगापास्कल आहे. घनतेने भागले की दोघे जवळपास एका पायरीवर येतात. बळाच्या बाबतीत तर पारडे फिरते. एझेड९१ हा ओतीव मॅग्नेशियम मिश्रधातू साधारण १५० मेगापास्कलला कायमचा वाकू लागतो, तर उष्णतासंस्कार केलेला इन्कोनेल ७१८ हा निकेल मिश्रधातू हजाराच्या पुढे तग धरतो. वजनाच्या हिशेबातही निकेलच सरस. पत्र्याच्या वाकण्यात जाडीचा घन मोजायचा असतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याच वजनाचा मॅग्नेशियमचा पत्रा पाचपट जाड होतो आणि वाकण्याला जवळपास तीसपट विरोध करतो. गिअरपेटीच्या आवरणाला मॅग्नेशियम निवडतात ते यामुळे. तरीही हा लाभ जाडीचा आहे; जागा अपुरी असेल तिथे तो मिळत नाही.

खरी सीमारेषा तापमान आखते. मॅग्नेशियम ६५० अंश सेल्सियसला वितळते, आणि इन्कोनेल ७१८ साधारण त्याच तापमानापर्यंत भार पेलत असतो. एझेड९१ तर सुमारे १२० अंशांपुढेच सततच्या भाराखाली हळूहळू ताणला जातो. यट्रियम व विरल मृदा धातू घातलेला डब्ल्यूई४३ ही मर्यादा २५० अंशांपर्यंत नेतो, पण मॅग्नेशियम व निकेल यांच्यातली दरी त्याने बुजत नाही. या दरीचा एक पुरावा कॅनडात मिळतो. ओटावाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमधील लॉइड पिजन यांच्या पद्धतीवर ऑंटॅरिओतील हेली येथे १९४२ मध्ये कारखाना सुरू झाला. भाजलेला डोलोमाइट आणि फेरोसिलिकॉन निर्वात नळीत १२०० अंशांच्या आसपास तापवले की मॅग्नेशियमची वाफ होते आणि नळीच्या थंड टोकाशी तिचे स्फटिक जमतात. ती नळी निकेल-क्रोमियमयुक्त पोलादाची असते. ज्या आचेवर एका धातूची वाफ होते, ती आच दुसऱ्याच्या जोरावर उभे असलेले पात्र सोसते.

गंजण्याच्या बाबतीत तर दोघांचे वैरच आहे. ऑंटॅरिओतील सडबरीच्या खाणींतील निकेल-तांब्यावर आधारलेला मोनेल हा मिश्रधातू १९०५च्या सुमारास आला आणि समुद्राच्या पाण्यातही टिकाऊ ठरला. मॅग्नेशियममध्ये मात्र निकेलचा अंश दशलक्षात मोजक्या भागांपलीकडे गेला, तर मिठाच्या पाण्यात ते झपाट्याने खाल्ले जाते. अशुद्धी काटेकोरपणे कमी ठेवलेला एझेड९१डी मीठफवाऱ्याच्या चाचणीत काही ओतीव ॲल्युमिनियमांपेक्षा चांगला टिकतो, असे त्याचे समर्थक सांगतात, आणि ते खरे आहे. परंतु चाचणीतला तुकडा एकटा असतो. मोटारीतल्या भागाला पोलादी बोल्ट लागतो. कॅनडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या खाऱ्या ओलीत बोल्ट आणि मॅग्नेशियम यांचा विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झिजते मॅग्नेशियमच. म्हणून दोघांच्या मध्ये ॲल्युमिनियमचा वॉशर घालतात.