रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर : शेजाऱ्यांनी हात लावताना

१०८ क्रमांकाची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे आपल्या दादरा-नगर हवेलीतही आली. या गाडीत बहुधा दोघेच असतात, एक चालक, ज्याला तिथे ‘पायलट’ म्हणतात, आणि एक तंत्रज्ञ. त्यामुळे रुग्णाला घरातून गाडीपर्यंत नेताना शेजाऱ्यांना हात लावावाच लागतो. सिल्वासातल्या आमच्या सोसायट्यांत माणसे कमी पडत नाहीत, सूचना देणारेच जास्त होतात. म्हणून सभासदांसाठी ही माहिती देत आहोत.

आवाज एकाचाच, तंत्रज्ञाचा. ‘एक, दोन, तीन, उचला’ म्हटल्यावर ‘तीन’ला उचलायचे की ‘उचला’ला, हे आधी विचारून घ्यावे. ऐकायला गमतीचे वाटेल, पण चौघांतल्या एकाने घाई केली की रुग्ण तिरका होतो. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत, एकट्याने उघडायची सोय नव्हती. स्ट्रेचरचेही तसेच समजावे. उचलताना कमरेतून वाकू नये, गुडघे वाकवावेत.

छाती, कंबर आणि पायांचे पट्टे बांधल्याशिवाय आणि बाजूचे कठडे वर केल्याशिवाय चाक हलवू नये, गाडी पंधरा पावलांवर असली तरी. स्ट्रेचर उंच आणि अरुंद असते. पूर्ण उंचीवर ठेवून आडवे ढकलले, किंवा चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत, गटाराच्या जाळीत अडकले, की ते रुग्णासकट कलंडते. म्हणून खडबडीत जागी ते खाली घ्यावे, सरळ लांबीत ढकलावे आणि चार कोपऱ्यांना चौघे असावेत. खानवेल-दुधनीकडच्या पाड्यांच्या पायवाटांवर चाकांचा उपयोगच नाही, तिथे उचलूनच न्यावे लागते. सपाटीवर आणि उतरताना पाय पुढे, चढताना डोके पुढे.

अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. दम लागलेल्या किंवा छातीत दुखणाऱ्या रुग्णाला चालवत खाली आणू नये. तंत्रज्ञाने होकार दिला तर हातांच्या भक्कम लाकडी खुर्चीत बसवून आणता येते. प्लास्टिकची खुर्ची नको. मात्र रुग्ण बेशुद्ध असेल, किंवा पडल्यामुळे मान-पाठीला मार असल्याची शंका असेल, तर खुर्ची वापरू नये. गाडीतली फळी येईपर्यंत त्याला हलवू नये.

गाडीत डोक्याची बाजू आधी जाते. पुष्कळ स्ट्रेचरचे पाय आत ढकलताना आपोआप दुमडतात. त्या सांध्यांत बोटे चेमटतात, म्हणून आपण कडेची दांडीच धरावी आणि खटक्याला हात लावू नये. रुग्णालयाच्या दारात उतरवताना नातेवाईक घाईने ओढू लागतात. पाय पूर्ण उघडून पक्के बसल्याचे तंत्रज्ञाने सांगेपर्यंत भार सोडायचा नाही.

स्ट्रेचर सुमारे सहा फूट लांब असते. सोसायटीच्या सचिवांनी लिफ्टची आतली लांबी एकदा मोजून ठेवावी, आणि जिन्यातली सायकल व कुंड्या आजच हलवाव्यात.