सेवाधिष्ठित सॉफ्टवेअर रचना : व्यावसायिक मूल्य

सेवाधिष्ठित सॉफ्टवेअर रचना (एसओए) : संस्थेच्या संगणकप्रणालीतील प्रत्येक काम स्वतंत्र ‘सेवा’ म्हणून बांधण्याची आणि इतर प्रणालींनी ते ठरलेल्या नियमांनुसार मागवून घेण्याची पद्धत. गार्टनर या सल्लागार कंपनीचे विश्लेषक रॉय शुल्टे आणि येफिम नातिस यांनी १९९६ मध्ये ही संकल्पना मांडली.

स्वरूप : बँकेत शिल्लक सांगणे, ग्राहकाची ओळख पडताळणे, रक्कम वळती करणे ही अशी कामे आहेत. शाखेतील काउंटर, एटीएम आणि मोबाइल ॲप यांसाठी ती तीनदा न लिहिता एकदाच लिहिली जातात. सेवेच्या आतील आज्ञावली बदलली, तरी मागणीचे व उत्तराचे स्वरूप तेच राहिल्यास वापरणाऱ्या प्रणालींना हात लावावा लागत नाही.

व्यावसायिक मूल्य : दहा प्रणाली एकमेकींशी थेट जोडायच्या तर ४५ जोडण्या लागतात, सर्व प्रणालींना जोडणाऱ्या एका सामाईक दुव्यामार्फत दहा पुरतात. प्रत्येक जोडणीला देखभाल आणि चाचणी लागत असल्याने खर्चातील फरक वर्षानुवर्षे वाढत जातो. मात्र खरा लाभ बदलाच्या वेळी दिसतो. २०१६ मध्ये यूपीआय आले, तेव्हा बँकांना खात्यातून रक्कम वजा व जमा करण्याची सोय बाहेरच्या यंत्रणेला सुरक्षितपणे द्यावी लागली. ज्या संस्थेत हे काम आधीच सुटी सेवा म्हणून उपलब्ध असते, तिला असा नवा मार्ग उघडणे सोपे जाते.

बडोद्याचे उदाहरण : सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी २० जुलै १९०८ रोजी बडोद्यात स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदात १ एप्रिल २०१९ पासून विजया बँक आणि देना बँक विलीन झाल्या. तिन्ही बँका इन्फोसिसच्या फिनॅकल या मूळ बँकिंग प्रणालीवर चालत होत्या. तरीही सर्व शाखांचे एकत्रीकरण पूर्ण व्हायला डिसेंबर २०२० उजाडला. मूळ प्रणाली एकच असली, तरी खात्यांची माहिती, ठेव-कर्ज योजनांचे नियम आणि भोवतालच्या प्रणालींच्या जोडण्या जुळवाव्याच लागतात. यांपैकी जोडण्यांचा भार सेवाधिष्ठित रचनेने हलका होतो. माहितीचे स्थलांतर आणि नियमांची एकवाक्यता ही कामे मात्र संस्थेलाच करावी लागतात.

मर्यादा : सेवा बांधल्याने मूल्य आपोआप निर्माण होत नाही. एकच सेवा अनेक विभागांनी वापरली, तरच गुंतवणूक वसूल होते. त्यासाठी तिची मालकी एका विभागाकडे हवी, उपलब्ध सेवांची नोंदवही अद्ययावत हवी आणि बदलांची पूर्वसूचना मिळायला हवी. सामाईक दुवा बंद पडल्यास सर्व व्यवहार एकदम थांबण्याचा धोकाही असतो. पुढे सूक्ष्मसेवांच्या पद्धतीने सेवा अधिक लहान व स्वतंत्र केल्या. त्यामुळे हा धोका विभागला गेला, पण देखरेखीचे काम वाढले. म्हणून या रचनेचे यश सेवांच्या संख्येवरून मोजू नये. नवी गरज किती कमी वेळात आणि चालू कामकाजात किती कमी व्यत्यय आणून भागवता येते, हाच तिचा योग्य निकष होय.