गोधडीच्या पोटातील गिरणीचा छाप

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर लोणी काळभोर हे गाव आहे. आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी येथे मुक्कामास असते. पूर्वी अशा मुक्कामी वारकऱ्याच्या बोचक्यातून वाकळ हटकून बाहेर निघावयाची. जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक मांडून धावदोऱ्याने शिवलेले हे गरिबाचे पांघरूण इतिहासाच्या अभ्यासकास एखाद्या दप्तरासारखे वाचता येते.

1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापिली. 1877 मध्ये सोलापुरासही गिरणी निघाली. मँचेस्टरच्या मालाशी टक्कर देताना गिरण्या आपल्या ताग्यांवर नाव व चित्र छापीत, वर देवादिकांची रंगीत तिकिटेही चिकटवीत. कारण निरक्षर गिऱ्हाईक चित्रावरूनच माल ओळखी. 1889 च्या कायद्याने ताग्याची लांबी वारांत छापणे सक्तीचे झाले. 1905 मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटल्यावर तर हा छाप स्वदेशीची साक्ष ठरला.

कागदी तिकीट पहिल्या धुण्यातच जाई; छापाचा तुकडा मात्र वाकळीच्या आतल्या थरात पडे. अमेरिकेत याच्या उलट घडले. तेथे 1920 नंतर पिठाच्या व्यापाऱ्यांनी पोत्यांनाच फुलाफुलांचे सुती कापड वापरले आणि गृहिणींनी त्याच्या रजया शिवल्या. तेथील जाहिरात दर्शनी बाजूस मिरवली, येथील पोटात दडली.

म्हणूनच छाप दिसताच गोधडीचे वय सांगणे धाडसाचे होय. वारांचा आकडा असल्यास कापड बहुधा मीटरचे माप रूढ होण्यापूर्वीचे, म्हणजे सुमारे 1960 च्या आधीचे, एवढेच म्हणता येते. कापड वीस वर्षे पेटीत पडून राहिलेले असू शकते. जुन्या गोधडीस नवे अस्तरही लागलेले असते. खरा पुरावा थरांच्या क्रमात असतो, आणि छाप पाहण्यासाठी शिवण उसविली की तोच नाहीसा होतो.

1982 च्या संपानंतर मुंबईतील बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांची नावे निदान कापडावर छापलेली होती. टाके घालणारीचे नाव छापावयास कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. यास्तव घरात जुनी वाकळ असेल, तर कात्री लावण्यापूर्वी वडीलधाऱ्या स्त्रीस विचारावे, आणि कोणते लुगडे कोणाचे, टाका कोणाचा, हे लिहून ठेवावे.